काटा चारवरच

सुभानराव जगतापांच्या भिंतीला कोणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. भिंत म्हणजे बडोद्यातल्या, पाणीगेटच्या घराची नव्हे. त्या भिंतीचे पोपडे रोज सकाळी दाराशी पडायचे, त्याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. त्यांची भिंत बडोद्यापासून अडीच तासांवर, एका डोंगराच्या पोटात, जमिनीखाली होती, आणि ती त्यांनी चोवीस वर्षांपूर्वी स्वतः समोर उभं राहून काँक्रीटमध्ये ओतून घेतली होती.

मँगनीजची खाण होती ती. वरचा भाग खणून संपला तेव्हा तिथले पंप काढले आणि पाणी भरू दिलं. त्या भरत्या भागातून एक बोगदा खालच्या चालू खाणीकडे येत होता. तो बंद केला नसता तर वरचं सगळं पाणी खालच्या माणसांच्या अंगावर आलं असतं. सुभानराव तेव्हा तिथे ओव्हरमन होते, म्हणजे पाळीवरच्या माणसांचे आणि कामाचे कारभारी. त्यांनी बोगद्याच्या चारी अंगांनी खडकात खाच कापली आणि अडीच मीटर जाडीचं बूच ठोकून दिलं. कागदोपत्री त्याला बल्कहेड म्हणत. सुभानराव नुसतं ‘भिंत’ म्हणायचे.

भिंतीतून एक लोखंडी पाइप आरपार काढला होता. तो दाब दाखवणाऱ्या मीटरला जोडलेला होता. मागे दहा मीटर पाणी चढलं की काटा एक किलो दाखवायचा. भिंत पाच किलोच्या हिशेबानं बांधलेली, म्हणून सुभानरावांनी बायकोची, विजयमालाबाईंची, नखं रंगवायची बाटली नेऊन पाचच्या आकड्यावर लाल रेघ ओढली होती. काटा रेघेच्या वर गेला की माणसं बाहेर, मग साहेब येवो की साहेबाचा बाप. असा त्यांचा कायदा होता आणि तो मोडायची वेळ कधी आली नाही. काटा चारवरच असायचा. कधी चार पॉइंट एक, कधी चार पॉइंट दोन. रोजचं वाचन, रोज सही. त्या रजिस्टरबद्दल कंपनीनं त्यांचा एकदा शाल देऊन सत्कारही केला होता. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ती शाल ते लग्नकार्याला पांघरत, आणि कोणी विचारलं नाही तर आपणहून विषय काढत.

गेली दोन वर्षं कंपनी भिंतीच्या बरोबर खालच्या बाजूला नवं काम काढून बसली होती. एका पाळीला बावीस माणसं. सरकारी तपासनीस आला आणि म्हणाला की इंजिनियरचा दाखला दाखवा, ही भिंत अजून धरते की नाही. दाखला द्यायचं काम आलं गोरव्यातल्या दिनकरराव मोहित्यांच्या फर्मकडे. आणि दिनकररावांकडे ते काम करणारी इंजिनियर म्हणजे शलाका, सुभानरावांची सून.

सासऱ्याची भिंत सुनेनं तपासणं बरं दिसत नाही, हे शलाकानं कंपनीला आधीच लेखी कळवलं होतं. पण भिंतीचे नकाशे वाळवीनं खाल्लेले. खाच किती खोल, लोखंड किती, सिमेंटचा रस खडकात कुठे कुठे दाबला, हे सगळं एकट्या सुभानरावांच्या डोक्यात होतं. कंपनी म्हणाली, चालेल, त्यांनाही बोलवा.

मग काय, एकाहत्तराव्या वर्षी सुभानरावांना पालवी फुटली. रोज सकाळी हेल्मेट चढवून सुनेच्या स्कूटरवर मागे बसायचे, पाणीगेटहून गोरव्यापर्यंत वाटेत तिला गाडी कशी चालवावी ते सांगायचे, आणि ऑफिसात पंखा बघून बसायचे. विचारलं त्याचं उत्तर द्यायचे आणि न विचारलेल्याचंही. शलाका शांत बाई. ती सगळं लिहून घ्यायची, त्यातलं अर्धं खोडायची, आणि उरलेलं दोन वेळा तपासायची.

भिंतीतून कापून आणलेले काँक्रीटचे दंडगोल जवळच्याच लॅबमध्ये मशीनखाली फोडले तेव्हा सुभानराव देव पाण्यात घालून बसल्यासारखे बसले होते. आकडा त्यांच्या वेळच्या आकड्यापेक्षाही चांगला आला. फुटलेला एक तुकडा त्यांनी रुमालात बांधून घरी नेला आणि विजयमालाबाईंना दाखवला. त्यांनी तो तुळशीच्या कुंडीत ठेवून दिला.

शलाकाला एकच गोष्ट खटकत होती. ती स्वतः रोजच्या वाचनाच्या वेळी खाली जाऊन आली होती. काटा चार पॉइंट एकवर होता, तिनं डोळ्यांनी पाहिला. पण भिंतीच्या कडेनं, काँक्रीट आणि खडक जिथे भेटतात तिथे, ओल जरा जास्तच होती. चार किलोच्या दाबाला एवढी ओल यायला नको, असं तिचं म्हणणं. सुभानराव म्हणाले, खडक आहे, त्यालाही घाम येतो. तिनं विचारलं होतं की मीटरच्या पुढे, त्याच पाइपच्या टोकाला, बोगद्याच्या वळणापलीकडे जो नळ आहे तो वापरात असतो का. ते म्हणाले होते, छे, बंदच असतो. आणि ते खोटं नव्हतं. नळ बंदच असायचा.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता कंपनीचा माणूस अहवाल न्यायला येणार होता. हिशेब पुरा झाला होता. चार पॉइंट एकला भिंतीवर सुमारे दोनशेचाळीस टनांचा रेटा, आणि तो जितका आहे त्याच्या पावणेचारपट रेटा आला तरी भिंत धरेल. नियमाला तिप्पट पुरते. शलाकानं सही तेवढी ठेवली होती, कारण तिला त्या दिवसाचं ताजं वाचन अहवालाला जोडायचं होतं. खाणीवरच्या भावसिंग राठव्याला तिनं व्हिडिओ पाठवायला सांगितलं होतं. भावसिंग म्हणजे सुभानरावांनीच तयार केलेला माणूस. ते निवृत्त झाल्यापासून रजिस्टर त्याच्याकडे होतं आणि त्यानं एक दिवस चुकवला नव्हता.

साडेअकराला व्हिडिओ आला. शलाकानं फोन सासऱ्यांपुढे धरला. मीटर, लाल रेघ, तिच्याखाली काटा. भावसिंगचा आवाज: आजची तारीख, चार पॉइंट एक, बधुं बराबर छे, साहेब, म्हणजे सगळं ठीक. सुभानराव खूश होऊन बघत होते. भावसिंगच्या आवाजामागे पाणी पडत होतं. आधी पोकळ, मग हळूहळू भरीव होत जाणारा तो आवाज त्यांनी हजार वेळा ऐकला होता. कुठेतरी माठ भरत होता.

आणि सुभानराव काट्याकडे बघायचे थांबले.

वरच्या खाणीचं पाणी गार आणि गोड. पाळी सुरू होताना वळणावरच्या त्या नळावर पिण्याचा माठ भरायचा हा रिवाज भिंतीइतकाच जुना. माठ भरेपर्यंत माणूस रिकामा उभा असतो, म्हणून सुभानरावांनीच नेम घालून दिला होता: माठ लावायचा, भिंतीशी जाऊन काटा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा, माठ उचलायचा. वेगळी फेरी नको आणि विसरही पडत नाही. त्याच नेमामुळे ते रजिस्टर इतकं बिनचूक राहिलं होतं. नळ दिवसभर बंद असायचा, तो फक्त माठ भरण्यापुरता सुटायचा. आणि काटा नेमका तेवढ्याच वेळात वाचला जायचा, चोवीस वर्षं.

पाइप नवा होता तेव्हा यानं काही फरक पडत नव्हता. पण त्यांना आता आठवलं, सुरुवातीला माठ बिडी पेटवेपर्यंत भरायचा, आणि त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी एक अख्खी तक्रार ऐकून व्हायची तरी भरत नसे. पाइप आतून क्षारांनी चोंदत चालला होता. अशा चोंदलेल्या पाइपातून पाणी वाहत असलं की काट्यापर्यंत सगळा दाब पोचतच नाही. खरा दाब बघायचा तर नळ बंद करून, पाणी थांबवून बघायला हवं. तसं कोणी कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे मागे पाणी चढत गेलं असेल, पाइप चोंदत गेला असेल, आणि काटा आपला चारवरच.

ती ओल घामाची नव्हती.

शलाकानं विचारलं, “झालं ना, आबा? जोडू हे?”

सुभानराव म्हणाले, “जोड.”

का म्हणाले, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. जीभच तशी वळली. मग ते जरा पाय मोकळे करतो म्हणून खाली उतरले, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि भावसिंगला फोन लावला. भावसिंग वर येऊन जेवायच्या तयारीत होता. सुभानरावांनी त्याला सांगितलं की ऑफिसला आणखी एक वाचन हवंय. खाली जा, नळ घट्ट बंद कर, दहा-पंधरा मिनिटं थांब आणि मग काटा बघ. भावसिंगनं विचारलं, काही गडबड आहे का. सुभानराव म्हणाले, नाही रे, या ऑफिसवाल्यांचे चोचले. तो लगेच निघाला. जायला यायला तासभर तरी लागणार होता, कारण फोन वर आल्याशिवाय लागत नसे.

टपरीवाल्यानं न सांगता कटिंग आणून ठेवला. सुभानरावांनी तो तसाच ठेवला. त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली, आणि त्या कामात ते भलतेच हुशार होते. उगाच बोंब ठोकायची आणि काटा चारचाच निघायचा, मग सुनेपुढे हसं. आधी खात्री करणं हेच शहाणपणाचं, कोणताही जुना माणूस हेच करेल. चोवीस वर्षं उभी आहे, तासाभरात काय होतंय. या सगळ्यात दोष नव्हता. फक्त भिंतीखाली त्या क्षणी बावीस माणसं होती, आणि आता भावसिंग धरून तेवीस, हे गणित त्यांनी मांडलं नाही. मांडलं नाही म्हणजे मनात येऊ दिलं नाही. मनात येत होती ती रजिस्टरं. तेरा वर्षं, रोजच्या पानाखाली ‘सु. रा. जगताप’ अशी वळणदार सही, आणि प्रत्येक पानावरचा आकडा खोटा.

शलाकाचा मध्येच फोन आला, डबा उघडतेय, या. ते म्हणाले, तू जेवून घे, मी आलोच. रस्त्यावरून कारखान्यांच्या जेवणाच्या सुट्टीची माणसं जात होती. त्यांच्याकडे सुभानरावांना बघवेना, म्हणून ते टपरीच्या पाटीवर लिहिलेले भाव वाचत बसले.

एकला दहा कमी असताना फोन वाजला. भावसिंग धापा टाकत होता. नळ बंद केल्यावर काटा चढत गेला, साहेब, रेघेच्या पार वर गेला. सात पॉइंट आठ. आणि मी निघालो तेव्हाही हलत होता.

एकाहत्तर वर्षांचा माणूस तो जिना ज्या वेगानं चढला ते बघून वॉचमन उठून उभा राहिला. शलाका हात धुऊन येत होती. सुभानरावांनी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नळ, माठ, चोंदलेला पाइप, सात पॉइंट आठ. सांगताना सुरुवात मात्र अशी केली, “भावसिंगचा फोन आलाय.”

शलाकानं पुढचं काही विचारलं नाही. तिनं खाणीच्या मॅनेजरला फोन लावला आणि भिंतीखालची सगळी माणसं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा म्हणून सांगितलं. पलीकडून पाळीचं, मालाचं, साहेबांना विचारण्याचं बोलणं सुरू झालं. ती म्हणाली, लेखी दोन मिनिटांत पाठवते, तोवर माणसं चालायला लागू देत. आवाज चढवला नाही. सुभानरावांनी तिचा हा आवाज घरी कधी ऐकला नव्हता.

माणसं बाहेर येईपर्यंत तिनं आकडे पुन्हा मांडले. सात पॉइंट आठला भिंतीवर दोनशेचाळीस नव्हे, साडेचारशे टन. तिपटीचा नियम, आणि हाती जेमतेम दुप्पट, तीही कडेची ओल आणखी वाढली नाही तर. भिंत पडणार असं कोणी म्हणू शकत नव्हतं, पण तिच्याखाली माणूस उभा करा असं तर मुळीच म्हणू शकत नव्हतं. पंप लावून मागचं पाणी उतरवायचं, पाइप साफ करायचा, मीटरला नळापासून वेगळा पाइप द्यायचा, कडेच्या खडकात पुन्हा सिमेंट दाबायचं, आणि तोवर खाली एकही माणूस नाही. दाखला द्यायचा कागद तिनं बाजूला ठेवला आणि नवा अहवाल काढला.

पावणेदोनला मॅनेजरचा निरोप आला, बावीसच्या बावीस वर आले. दिनकरराव आपल्या केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी सुभानरावांचे दोन्ही हात हातात धरले. काका, तुम्ही नसतात तर आज आम्ही सही करून मोकळे झालो असतो, असं ते सगळ्या ऑफिसपुढे म्हणाले. टाळ्याही झाल्या. कोणीतरी पेढे आणायला सांगितले. सुभानराव खुर्चीत बसून होते. स्तुती ऐकायला एरवी त्यांचे कान टवकारलेले असत, आज त्यांना ती ऐकवत नव्हती. वाटत होतं की उठून घरी जावं आणि चादर डोक्यावरून घ्यावी. पण उठवेना.

शलाका त्यांच्या शेजारच्या टेबलावर घटनेचा तक्ता भरत होती. कोणत्या वेळी काय झालं, कोणाच्या लक्षात आलं. तिनं लिहिलं होतं: १२.५०, भावसिंग राठवा यांनी फोनवरून कळवले. खाली तपशील सांगणाऱ्याच्या सहीची जागा.

तेवढ्यात सुभानरावांचा फोन वाजला. भावसिंगच होता. सगळे वर आले, पाणी प्यायले, बसलेत, असं तो म्हणाला. मग अडखळला. सुभानरावांनी इतक्या वर्षांत त्याला बोलताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं.

“साहेब, माझा जावई होता खाली. तुम्ही मला काटा बघायला पाठवलंत, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

सुभानरावांना एक शब्द बोलून सुटता आलं असतं. भावसिंगनं तो मानलाही असता, त्यानं त्यांचा कोणता शब्द आजवर मानला नव्हता? शेजारी पेन थांबलं होतं. शलाका वर बघत नव्हती.

“होतं,” ते म्हणाले. “साडेअकरालाच कळलं होतं.”

पलीकडे भावसिंगच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी हसत होतं.

“मग तेव्हाच सांगायचं होतंत, साहेब,” भावसिंग म्हणाला. “मी खाली गेलोच होतो. येताना त्यांना घेऊन आलो असतो.”

त्यानं रागानं म्हटलं असतं तर सुभानरावांना बरं वाटलं असतं. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. सुभानराव म्हणाले, चुकलं माझं, भावसिंग. तो ‘बरं साहेब’ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मागवलेल्या पेढ्यांचा पुडा कोणीतरी सुभानरावांसमोर उघडा धरला. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

शलाकानं तक्त्यावरचं १२.५० खोडलं. सासऱ्याला तिनं कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं आणि आताही दिलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

“साडेअकरा लिहू?”

“लिही.”

“साडेअकरा ते एकला दहा कमी, या वेळात तुम्ही काय करत होतात तेही लिहावं लागेल, आबा.”

सुभानरावांनी बघितलं, तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि ती खरंच वाट बघत होती.

“टपरीवर बसलो होतो,” ते म्हणाले. “तसंच लिही.”

तिनं तसंच लिहिलं आणि सहीसाठी कागद त्यांच्याकडे सरकवला.